समुद्रात पडलेली हद्द

१० जानेवारी

छोट्या,

तुझ्या ऑफिसात तुला साहेब म्हणत असतील. म्हणोत बापडे. पाकिटाच्या आत तू छोट्याच.

हाताने लिहितेय, कारण तुला मेल केली की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर येतं, ‘आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ ते तू लिहिलेलं नाहीस हे मला कळतं. पण दोनदा वाचलं आणि म्हटलं पुरे, त्यापेक्षा टपाल बरं. ते निदान गप्प तरी बसतं.

तर, तुझं परिपत्रक मिळालं. आमचा युजर ग्रुप तुमच्या कंपनीच्या ‘कुटुंबात सामावून घेण्याबाबत’. खाली तुझा हुद्दा, सगळ्या शहरांतल्या युजर ग्रुपांचा प्रमुख, आणि तुझी सही. सही अजून तशीच आहे, शेवटचं अक्षर घाईत सोडून दिलेलं. ‘कुटुंब’ हा शब्द तू घातलास की त्यासाठी तिथे वेगळा माणूस ठेवलाय?

असो. उत्तर हो आहे. घेऊन टाका एकदाचा.

तुला वाटलं असेल ताई फणा काढेल. तू कंपनीत गेलास तेव्हा काढला होता, आता नाही काढत. थकलेय असंही समजू नकोस. थकलं की माणसाला झोप तरी लागते. मला काहीच झालेलं नाही. सकाळी उठते, ऑफिसला जाते, घरी येते, टीव्ही लावते आणि बघत नाही. लोक विचारतात कशी आहेस, मी म्हणते बरी आहे, आणि ते खोटं नसतं. कुठे दुखत नाही.

परिपत्रकाबरोबर फॉर्म आहे. त्यात ‘ग्रुपची थोडक्यात माहिती’ अशी चौकट आहे. तुला सगळं तोंडपाठ आहे, पण फॉर्मला नाही, म्हणून भरलं. असं लिहिलंय :

‘आपल्या सॉफ्टवेअरवर नकाशे काढून पोट भरणाऱ्या इथल्या लोकांचा ग्रुप. एका बहीणभावाने सुरू केला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतो. तिथे कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. जो जे काढतो ते त्याचं नाव. पाणीपुरवठ्यातली ती पाइप, बसचे मार्ग आखणारा तो बस, उद्यान खात्यातून निवृत्त होऊनही झाडं मोजत बसलेले ते झाडआजोबा. सध्याच्या प्रमुख मालमत्ता खात्यात जमिनींच्या हद्दी काढतात, म्हणून हद्दताई.’

डोंगर आणि चढउतार काढणारा एक जण होता, त्याला उंची म्हणायचे, हे मी लिहिलं नाही. चौकटीत जागा नव्हती.

पुढची चौकट ‘कामकाजाची पद्धत’. तिथे लिहिलं : ‘प्रमुख विचारतो, कुणाचं काय अडलंय? ज्याचं अडलंय तो सांगतो. कुणी हसायचं नाही, आणि “माझ्याकडे तर चालतंय” असं म्हणायचं नाही. मग त्याला दोनच प्रश्न. शेवटचं नीट कधी चालत होतं? आणि त्यानंतर काय बदललं? उत्तर येत नसेल तर घरी जाऊन शोधायचं आणि पुढच्या सभेत सांगायचं.’

ही पद्धत तूच घालून दिलीस. आता तुझ्याच परिपत्रकात कलम आहे, की कंपनीत सामावल्यावर ‘तांत्रिक अडचणी सभेत मांडता येणार नाहीत, त्यासाठी तक्रार पोर्टल उपलब्ध आहे’. म्हणजे लोकांनी यायचं, स्लाइड बघायच्या, फुकट कॉफी प्यायची आणि ज्याचं जे अडलंय ते तसंच घेऊन घरी जायचं. मला वाचता येतं, छोट्या. वाचलं, समजलं, आणि तरीही घेऊन टाका.

तुझे दाजी गेले तेव्हा तू पाठवलेली मेल मिळाली होती. दोन ओळींची. पोच द्यायची राहून गेली होती, ती ही घे.

ताई


६ फेब्रुवारी

छोट्या,

शनिवारी सभेत सांगून टाकलं. तुला अहवाल लागेल, तो असा.

मी म्हटलं, पुढच्या सभेनंतर ग्रुप कंपनीकडे जातोय, प्रमुख कंपनी नेमेल. बस पेनाचं टोपण लावत-काढत राहिला. झाडआजोबांनी कानातलं यंत्र काढून फुंकलं आणि परत घातलं, त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पाइपने एवढंच विचारलं, का? मी म्हटलं, मला आता जमत नाही. खरं तर न जमण्यासारखं त्यात काय आहे? खुर्च्या मांडायच्या आणि एक प्रश्न विचारायचा.

खुर्च्या पूर्वी हे मांडायचे. ह्यांना नकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं, जन्म गेला चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात. पण पहिल्या शनिवारी दुकान लवकर बंद करून यायचे, खुर्च्या मांडायचे, मागच्या रांगेत पेपर उघडून बसायचे आणि घरी जाताना विचारायचे, आज कोण पडलं समुद्रात? तू जाताना मला म्हणाला होतास, ताई, तू मरेपर्यंत उसन्या खोलीत खुर्च्याच मांडत बसशील. तर मांडतेय. एवढं एक तुझं म्हणणं मी खोटं पाडू शकले नाही.

तुमच्या कंपनीचा इथला माणूस आला होता, सभा बघायला. टाय लावून आला, तेव्हा आमच्यात त्याचं नाव काय पडलं ते सांगायला नको. समुद्रात पडणं म्हणजे काय, असं त्याने विचारलं. त्याला समजावून सांगितलं, की बाबा, नकाशावरच्या प्रत्येक जागेला दोन आकडे असतात, एक उभा आणि एक आडवा. घाईत त्यांची अदलाबदल झाली की ती जागा उचलली जाते आणि भलतीकडेच जाऊन पडते. आपलं शहर असं वसलंय की आकडे उलटले की थेट समुद्रात. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, काही असो. म्हणून इथे कुणीही कसलीही चूक केली की म्हणतात, पडला समुद्रात. टायवाला म्हणाला, गमतीशीर आहे. आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं. गंमत वहीत लिहून घेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मग नेहमीप्रमाणे मी विचारलं, कुणाचं काय अडलंय. झाडआजोबा उभे राहिले. तुमची नवी आवृत्ती टाकल्यापासून त्यांची सगळी झाडं फुटपाथ सोडून रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली आहेत, मुळासकट. ते सांगत होते तोच टायवाला म्हणाला, काका, ही तक्रार पोर्टलवर टाका, तुम्हाला नंबर मिळेल. आजोबा म्हणाले, नंबर मिळतो हो, पण झाडं? टायवाला हसला. आजोबा खाली बसले.

प्रमुख मी होते. बोलायला मला हवं होतं. मला दिसत होतं की इथे राग यायला हवा, जसं कुणी चिमटा काढताना दिसावं, पण लागू नये. मी पुढच्याला विचारलं, तुझं काय अडलंय. पुढचा म्हणाला, काही नाही. त्याच्या पुढचाही म्हणाला, काही नाही. सभा इतक्या लवकर याआधी कधीच संपली नव्हती.

संध्याकाळी पाइप घरी आली. तू तिला पाहिलेलं नाहीस, तू गेल्यावर आली ती. अंगाने काटकुळी, आवाज पंपहाऊसमध्ये राहून राहून मोठा झालेला, जीभ माझ्याहून वाईट. बूटही न काढता दारातच उभी राहिली.

"हद्दताई, ग्रुप काय तुमच्या बापाचा आहे?"

मी म्हटलं, बापाचा नाही, भावाचा आहे, आणि तो परत मागतोय. ती हसली नाही. म्हणाली, मी घेते ग्रुप, मी चालवते. मी म्हटलं, मग आधी बोलायचं होतंस. ती म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठे? एवढी वर्षं सगळ्यांना विचारता, कुणाचं काय अडलंय, आणि हे एक विचारलं नाहीत, की कोण घेतंय? मी तिला पाणी दिलं. ती प्यायली आणि गेली.

तुमचा करारनामा आज कुरियरने आला. दोन प्रती, आणि सोबत ग्रुपच्या कार्यक्षेत्राचा नकाशा, म्हणजे आमची हद्द कुठवर आणि शेजारच्या शहरातल्या ग्रुपची कुठून. नकाशावरही सही हवी म्हणे. जेवायच्या टेबलाशी बसून दोन्ही ठिकाणी सह्या केल्या. एक प्रत उद्या टाकतेय. पाइपचं मला वाईट वाटायला हवं, पण तेही वाटत नाही.

ताई


३ मार्च

छोट्या,

काल सभा झाली. शेवटची म्हणून सगळे आले होते, एरवी न फिरकणारेसुद्धा. माणूस जायला लागला की गर्दी होते.

माझ्याकडची करारनाम्याची प्रत मी फिरवायला दिली. रांगेने एकेकाच्या हातातून ती पाइपकडे गेली. तिने करारनामा वाचलाच नाही, सरळ नकाशा उघडला. मग उठून खिडकीपाशी गेली आणि उजेडात धरून बघत राहिली. मला वाटलं आता काही तरी तिखट बोलेल. ती म्हणाली, इतकं हळू की मला भीतीच वाटली,

"हद्दताई, हे तुम्ही बघितलंत?"

मी बघितलं. हद्द होती, लाल रेघेने काढलेली. प्रत्येक वळण होतं, पण आरशात बघावं तसं उलटं. आणि रेघेच्या आत रस्ता नाही, नदी नाही, घर नाही, नुसतं निळं. आमचा अख्खा ग्रुप समुद्रात पडला होता, आणि त्या निळ्याच्या बरोबर मधोमध माझी सही होती.

मी दुसरं आयुष्यात काय केलंय? हद्दी काढल्या. शेजारच्या टेबलावरचा नकाशा तिरका पडलेला असला तरी त्यात काय चुकलंय ते मला लांबून दिसतं. आणि हे समोर घेऊन, पेन उघडून, मी सही केली होती. बस म्हणाला, हद्दच झाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावरून मला कळलं की माझं काय झालंय. मला आतून जे कळत नव्हतं ते समोर वाचता आलं.

गोष्ट निस्तरली ती बसने. त्याने करारनाम्यातलं कलम मोठ्याने वाचलं, ‘सोबतच्या नकाशात दर्शवलेल्या क्षेत्रातील ग्रुप कंपनीकडे वर्ग होईल.’ परत एकदा वाचलं. झाडआजोबा म्हणाले, म्हणजे मासे गेले कंपनीकडे. त्यावर मात्र खोली हसली. टायवाला फोन घेऊन व्हरांड्यात गेला तो बराच वेळ आत आला नाही.

मग पाइप माझ्यापाशी आली. म्हणाली, उठा, आता मी विचारते. मी विचारलं, सगळ्यांना चालेल ना? झाडआजोबा म्हणाले, अहो, उठा की. मी उठले. तिला खोलीची किल्ली दिली, प्रोजेक्टरची वायर कुठे दाबून धरायची ते दाखवलं, आणि वाचनालयाच्या शिपायाला आदल्या दिवशी आठवण करावी लागते ते सांगितलं. झालं हस्तांतर. माझ्या मनात याचं काही तरी मोठं चित्र होतं असणार कधी काळी. मी मागच्या रांगेत जाऊन बसले.

तिने आधी झाडआजोबांना उभं केलं. शेवटचं नीट कधी चालत होतं? नवी आवृत्ती यायच्या आधी. त्यानंतर काय बदललं? तिने त्यांचा लॅपटॉप पुढे आणवला, सगळ्यांनी डोकी घातली, आणि कळलं की नव्या आवृत्तीने मोजणीचा पायाच, म्हणजे कुठून मोजायचं तेच, गुपचूप बदलून ठेवलंय. तो परत जुना केला. झाडं आपापल्या जागी फुटपाथवर जाऊन उभी राहिली. आजोबांनी टाळी वाजवली, एकदाच.

मग एकेकाला विचारत ती मागे आली आणि मला म्हणाली, तुमचं काय अडलंय? प्रमुखाला कुणी विचारत नाही, त्यामुळे हा प्रश्न मला कधी कुणी विचारलेला नव्हता. मी म्हटलं, काही नाही.

"काही नाही कसं? समुद्रात सही करून आलात."

मी म्हटलं, मला काही वाटत नाही. कशाबद्दल, तिने विचारलं. मी म्हटलं, कशाबद्दलच. हे गेले, तेव्हापासून. रडू येत नाही, राग येत नाही. लोकांना वाटतं मी धीराची आहे. धीर-बीर काही नाही, आत कुणी नाहीच.

कुणी माझ्या हातावर हात ठेवला नाही. कुणी म्हटलं नाही की काळ हेच औषध असतं. पाइपने पाइप फुटल्यावर विचारतात त्याच आवाजात विचारलं, शेवटचं नीट कधी चालत होतं? मी आठवायला लागले. मला सापडेना. मी म्हटलं, सांगता येत नाही.

"मग घरी जाऊन शोधा, आणि पुढच्या सभेत सांगा," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

मला त्याने बरं वाटलं असं लिहिणार होते. बरं वाटलं नाही. पण मी शोधतेय.

ताई


११ मार्च

छोट्या,

हे पत्र छोटं आहे आणि वाचून झाल्यावर फाडून टाक.

ग्रुपमध्ये सगळे म्हणताहेत की नकाशाचं ते तू मुद्दाम केलंस. मी आधी म्हटलं, काहीतरीच काय. मग विचार करायला लागले. तू एकदाही समुद्रात पडलेला नाहीस. मी पडले आहे, बस तर दर पावसाळ्यात पडतो, आजोबा दोन वेळा पडले. तू कधीच नाही, आणि त्यावरून हे तुला चिडवायचे की छोट्या, एकदा तरी पड रे, पाय भिजतील. जो माणूस डुलक्या घेतानाही आकडे बरोबर लावायचा, तो बरोबर आमच्याच नकाशात ते उलटे लावतो? आणि कलमही असं लिहितो की ‘नकाशात दर्शवलेल्या क्षेत्रातील’? पद्धत तू घातलेली. पोर्टल आल्यावर ती मरणार हे तुला कळत नव्हतं असं कसं होईल?

बस म्हणतो, उंचीने आपल्याला वाचवलं, कंपनीच्या आत राहून. सगळ्यांनी तुझ्या नावाने कॉफी प्यायली, स्वतःच्या पैशाची. ज्यांनी तुला पाहिलेलंही नाही त्यांनीसुद्धा. पाइप मात्र म्हणाली, माझा नाही विश्वास, पण असेल तर चांगला आहे तुमचा भाऊ.

खरं असेल तर लिहू नकोस, उगाच नोकरी जायची. नुसतं एक रिकामं पाकीट पाठव. माझा पत्ता घालून. मी समजेन.

एक सांगते. गेले काही दिवस मी पोस्टमनची वाट बघतेय. ऑफिसातून आले की आधी दारामागे खाली बघते, मग दिवा लावते. वाट बघणं म्हणजे काहीतरी वाटणंच असेल बहुतेक.

ताई


२८ मार्च

छोट्या,

पाकीट आलं. हातात घेतल्याबरोबर कळलं की रिकामं नाही.

दुरुस्त नकाशा. हद्द आता जमिनीवर आहे, अगदी बिनचूक, वाचनालयाची गल्लीसुद्धा आत आली आहे. सोबत चिठ्ठी, ‘मागील नकाशात कार्यालयीन चूक झाली होती. दुरुस्त प्रतीवर सही करून पाठवावी. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ खाली तुझा हुद्दा आणि तुझी सही.

म्हणजे चूक होती. तू मुद्दाम केलं नाहीस. तू तो नकाशा बघितलाही नसशील, कुणी तरी काढला आणि तू खाली सही केलीस, अगदी मी केली तशीच. माझी पत्रंही तू वाचली असशील की नाही देव जाणे. मी उगाच दोन-तीन आठवडे दारामागे बघत बसले.

दुरुस्त प्रतीचं आधी सांगून टाकते. मी आता प्रमुख नाही, मला सहीचा अधिकार नाही. कागद पाइपला दिला. तिने तुमच्या टायवाल्याला फोन करून कळवलं की ग्रुप स्वतंत्र राहील, आणि नकाशाच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या सभेची वेळ लिहून तो वाचनालयाच्या दाराला चिकटवला. कागद चांगला जाड होता म्हणाली. ते काम संपलं.

आता दुसरं. ती ‘दिलगीर आहोत’ची ओळ मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होते, आणि मला तुझी ती मेल आठवली. ‘दाजींबद्दल कळून वाईट वाटलं. काही लागल्यास कळवावे.’ आणि खाली हाच हुद्दा, हीच सही. तेव्हा मी ती वाचली होती, ठीक आहे म्हटलं होतं आणि मेल बंद केली होती. या वेळी मला ठीक आहे म्हणता येईना. मी परत परत वाचत राहिले, आणि मला सापडलं, पाइपने शोधायला सांगितलं होतं ते. शेवटचं नीट कधी चालत होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, दुपारी. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते की आज निभावलं तर निभावलं. भिंतीला धरून मी तुला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तू लगेच उचललास. मी म्हटलं, ये, ते तुझी आठवण काढताहेत. तू म्हणालास,

"ताई, निघालोच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा येत होतं. निघालोच म्हणणारा माणूस अजून खुर्चीतून उठलेला नसतो हे मला काय माहीत नाही? आपण सगळेच म्हणतो तसं. पण त्या दिवशी मी ते शब्दशः घेतलं. आत जाऊन ह्यांना सांगितलं, छोट्या निघालाय. ते म्हणाले, माझा चष्मा दे. मी म्हटलं, आता कशाला, पडून राहा. ते म्हणाले, अगं, तो दारातून येईल तेव्हा दिसायला नको का?

मी त्यांना चष्मा घातला. ते दाराकडे तोंड करून पडून राहिले. दार उघडलं की मान उचलायचे. नर्स, सफाईवाली, शेजारच्या रुग्णाचा मुलगा. दर वेळी मान उचलायचे आणि परत ठेवायचे. नर्स चष्मा काढून ठेवायला आली तर तिला हाताने नको म्हणाले. ऊन खिडकीतून गेलं. मी तुला परत फोन केला नाही, कारण तू निघालेला होतास. मग ते गेले, आणि चष्मा मी काढला. काचा पुसल्या, तो डबीत ठेवला, आणि त्यानंतर मला काही वाटलं नाही.

काय बदललं? तू आला नाहीस, हे बदललं.

हे गेले म्हणून माझं सगळं बंद पडलं असं मी समजत होते, लोकही तसंच समजत होते. तसं नाही ते. ह्यांचं दुःख मला झालं असतं, पोटभर झालं असतं, पण त्याच्या वाटेत तू आडवा पडून होतास. तुझ्यावर रागवायचं म्हणजे तो दिवस परत बघायचा, म्हणून मी रागावलेच नाही. आणि ते नको म्हणता म्हणता सगळंच नको झालं.

तर मी आता रागावले आहे. अक्षर बघ, कागद फाटेल इतकं दाबून लिहितेय. काल सिंकपाशी उभी राहून मी रडले, मोठ्याने, शेजारीण विचारायला आली इतकं. आधी तुझ्यासाठी रडले, रागाने. मग ह्यांच्यासाठी. मला मुळीच बरं वाटत नाहीये. खूप वाईट वाटतंय, छोट्या, इतकं की रस्त्याने चालताना मध्येच थांबावं लागतं.

पुढच्या शनिवारी सभा आहे. पाइप मागे येऊन विचारणार, शोधलंत का? मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, तुझ्यासकट. तू तिथे असावास असं मला वाटतं. समेट करायला नाही, तो मला इतक्यात जमणार नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. तू त्या दुपारी कुठे होतास, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, तुझ्याकडे बघत. ते कागदावर होत नाही आणि मेलवर तर नाहीच नाही.

सुट्टी काढ, खोटं सांगून काढ, काहीही कर. फोन करू नकोस. निघालोच म्हणू नकोस. ये.

ताई